त्या गाण्यातला हुंदका

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय अशोकराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, जिच्या धावपळीवाचून आपल्या मंडळाचा एकही कार्यक्रम उभा राहत नाही ती आपली सांस्कृतिक सचिव हेमांगी, आजच्या उत्सवमूर्ती आदरणीय चंद्रप्रभाबाई, रविवारची दुपारची झोप मोडून द्वारकेहून, फरीदाबादहून मेट्रो बदलत गाझियाबादला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि पडद्यामागे मघापासून कुजबुजणाऱ्या बालगोपाळांनो,

मला बहुतेक सगळे ओळखतात. ज्यांच्या मुलांना मी रविवारच्या वर्गात मराठी कविता पाठ करायला लावल्या, ते तर ओळखून माझ्यापासून लांब बसतात. शाळेतल्या कविता हे माझं व्यसन. पाखरांच्या, नदीच्या, दूरदेशी गेलेल्या भावाच्या. या वयात सकाळी खाल्लेलं आठवत नाही, पण चौथीतली कविता चालीसकट आठवते. आता मला कोणी विचारलं, की राजाभाऊ, बालपण म्हणजे काय, तर मी काय सांगावं? आजवर मी फुलपाखरू सांगत आलो. आज थोडं वेगळं सांगणार आहे. अध्यक्ष महाराज, वेळेचं भान ठेवा अशी चिठ्ठी तुम्ही पाठवलीत, ती मिळाली. तरी आज जरा सांभाळून घ्या.

चंद्रप्रभाबाई आता दिल्ली सोडून भाचीकडे साताऱ्याला निघाल्या. केंद्र सरकारच्या मंत्रालयात लघुलेखिका म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली, आणि रविवारी आपल्या मुलांचं समूहगान बसवलं. त्यांची रीत जुन्या मंडळींना आठवत असेल. मुलांना त्या टाळ्या वाजवू देत नसत, पायाने ठेका धरू देत नसत. सगळी मुलं एका ओळीत हात धरून उभी राहायची. एका टोकाला बाई. त्या शेजारच्या मुलाचा हात हलकेच दाबायच्या, तो पुढच्याचा दाबायचा, आणि ठेका असा हातातून हातात शेवटच्या पोरापर्यंत जायचा. श्रोत्यांना काही दिसायचं नाही. फक्त पंचवीस गळे एकदम सुरू व्हायचे आणि एकदम थांबायचे.

त्या हिंदी चित्रपटाचा उल्लेख मघाशी प्रत्येक वक्त्याने केला. बालपणावरचा तो चित्रपट, ज्यात आपल्या मंडळाची मुलं गायली. मी नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझं दुर्दैव असं, की त्यातली गाणी मला मनापासून आवडतात. गोट्यांचं गाणं घ्या. काचेच्या गोट्या फरशीवर सांडतात, त्या आवाजावरच त्याचा ठेका बांधलेला. हजेरीचं गाणं घ्या. मास्तर नाव पुकारतात आणि प्रत्येक पोर आपल्या वेगळ्या सुरात ‘उपस्थित’ म्हणतं. आई भांडी घासता घासता गाते ती अंगाई तर ऐकताना माझा चष्मा धुकटतो. आणि शेवटचं ते अंगणाचं गाणं. म्हातारा झालेला नायक विकलेल्या घरापाशी येतो, आत मुलं गात असतात, आणि तिसऱ्या कडव्यात, ‘दार उघडा’ अशा अर्थाची ओळ झाली की एकटी मुलगी हुंदका देते.

त्या हुंदक्यावर देश रडला. आपणही रडलो. ‘काय भाव आहे हो पोरीच्या गळ्यात!’ हे वाक्य मी याच सभागृहात किती वेळा ऐकलं असेल.

ती पोरगी आपली केतकी. ती बघा, मागे खांबाशी उभी आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती. आता वास्तुविशारद आहे, मोठ्या कंपनीत काम करते. आणि मी आता जे सांगणार आहे ते तिच्या सांगण्यावरून, तिचं नाव घेऊन सांगणार आहे.

ध्वनिमुद्रण नोएडात होतं, एका इमारतीच्या तळघरात. व्हॅनमध्ये मुलं, बाई आणि खाऊचा डबा सांभाळायला मी. मुलं जाताना मराठीत निघाली आणि नोएडा येईपर्यंत हिंदीत पोचली होती, ते आपल्याकडे चालायचंच. आत गेल्यावर संगीतकाराने केतकीला ओळीतून बाजूला काढलं आणि काचेपलीकडच्या छोट्या खोलीत एकटीला उभं केलं. बाई म्हणाल्या, तिचा हात कोणीतरी धरायला हवा, नाहीतर तिला ठेका मिळणार नाही. तो हसला. म्हणाला, “मॅडम, ठेका हेडफोन में आएगा. ये स्कूल का फंक्शन नहीं है.”

केतकी गायली. स्वच्छ, सुरेल. पुन्हा गायली. संगीतकार वैतागत गेला. त्याला थरथर हवी होती. मुलीला आजीची आठवण काढायला सांगितली, घरी कुत्रा मेला असं समज म्हणाले, मग तुझी आई तुला सोडून गेली असं समज म्हणाले. पोरगी मान हलवायची आणि तितक्याच स्वच्छपणे गायची. शेवटी त्याने आपल्या साहाय्यकाकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलला.

“रुलाओ इसे.”

साहाय्यक आत गेला. दार लावून घेतलं. तसली दारं जाड असतात, आतला आवाज बाहेर येत नाही. पण माइक चालू होता आणि आमच्या सगळ्या मुलांच्या कानांवर हेडफोन होते. म्हणून मला फक्त दिसलं, आणि मुलांना ऐकू आलं. त्याने तिला डाव्या कानाखाली मारली. उघड्या हाताने, पूर्ण हात मागे नेऊन. पोरगी भिंतीवर आपटली. त्याने दंडाला धरून तिला परत माइकसमोर उभं केलं आणि तशीच आणखी एक दिली, त्याच जागी. ओळीतली मुलं सगळी एकदम दचकली, हातात हात होते ना. ओळच्या ओळ हलली, वारा शिरलेल्या पिकासारखी. आणि केतकी गात होती. सांगितलेली ओळ गात होती, आणि ओळीअखेर तिला हुंदका फुटला.

संगीतकार डोळे मिटून म्हणाला, “यही चाहिए था.”

बाई दाराकडे धावल्या. दार आतून बंद. त्यांनी ते दोन्ही हातांनी बडवलं. एक जण त्यांचा दंड धरून सांगू लागला, “टेक मत तोड़िए मॅडम, रिकॉर्डिंग चल रही है.” बाईंनी त्याला ढकललं, माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि काचेवर घातला. काच जाड होती, नुसता तडा गेला. पुन्हा घातला. मग ती काच आतल्या बाजूला कोसळली, त्या भोकातून बाई आत गेल्या आणि त्यांनी त्या माणसाला मारलं. पहिला फटका मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला. श्रोतेहो, मी सुशोभित करून सांगणार नाही. तो पडल्यावरही बाईंनी मारलं. त्याने तोंड झाकलं तर खांद्यावर मारलं. मंत्रालयात ‘सविनय सादर’ लिहिणारा तो हात थांबतच नव्हता.

मग स्टुडिओतल्या दोघांनी बाईंची वेणी धरली आणि काचांवरून फरपटत बाहेर ओढलं. संगीतकाराने कमरेत लाथ घातली. ज्याची अंगाई ऐकून माझा चष्मा धुकटतो, तोच माणूस. मी मुलांना हाकत जिन्यात नेलं. मुलं किंचाळत होती, दोघंतिघं ओकली. आत बाईंना मारल्याचे आवाज येत होते, ते मुलांच्या कानावर पडू नयेत म्हणून मला जे येतं ते मी केलं. पाखरांची कविता मोठ्याने म्हणायला लावली. नोएडाच्या त्या जिन्यात चोवीस पोरं रडत ओरडत कविता म्हणत होती. पाठ केलेली कविता कधी कुठे कामाला येईल हे सांगता येत नाही, असं मी पालकांना नेहमी सांगत असे.

केतकी सगळ्यांत शेवटी आली. कानातून रक्ताची बारीक धार फ्रॉकच्या कॉलरपर्यंत आली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, “काका, माझं चुकलं का?”

कानाचा पडदा फाटला होता. डाव्या कानाने तिला तेव्हापासून ऐकू येत नाही. तुम्ही ज्याला भाव म्हणता, तो एका मुलीचा कान फुटल्याचा आवाज आहे. त्यांनी बाकीचं गाणं नंतर मुंबईत दुसऱ्या मुलांकडून गाऊन घेतलं. तेवढा तुकडा मात्र तसाच ठेवला.

पुढे पोलीस ठाणं झालं. तक्रार त्यांचीच, बाईंविरुद्ध. मोडतोड आणि मारहाण. केतकीची आई विनया वाघिणीसारखी लढायला उभी होती. पण संगीतकाराच्या वकिलाने सांगितलं, की लढायचं तर मुलीला कोर्टात बोलावू, ती फीत सगळ्यांसमोर वाजवू, आणि बाई दोषी ठरल्या तर सरकारी नोकरीही जाईल. नाहीतर दोन्ही बाजूंनी गप्प बसू. बाईंनी विनयाला समजावलं. नोकरीचं त्यांना काही वाटत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, “पोरीला ते पुन्हा ऐकवायचं नाही.”

म्हणून आम्ही गप्प राहिलो, मुलांनाही कुठे बोलायचं नाही अशी शपथ घातली. आणि मंडळात काय पसरलं? पडद्यावर नाव येईना म्हणून बाई भांडल्या. डोकं फिरलं, पोरांसमोर काचा फोडल्या. ‘काचफोड्या बाई’ हे नाव याच सभागृहात पडलं. पालकांनी एकेक करून मुलं काढून घेतली. त्यानंतर बाई मुलांच्या ओळीच्या टोकाला कधीच उभ्या राहिल्या नाहीत. दर गणेशोत्सवात सतरंज्या घालायला यायच्या, ते गाणं लागलं की चपला शोधायला बाहेर जायच्या. मघाशी गुच्छ देताना अशोकरावांनी त्यांच्या उजव्या तळव्यावरचा व्रण पाहिला असेल. तो स्वयंपाकातला नाही.

बाई, असं माझ्याकडे पाहू नका. मला थांबायला सांगू नका. तुमची परवानगी मी मागितलीच नव्हती.

मी हे आजच का बोलतो आहे? कारण माझ्यानंतरचा कार्यक्रम. पत्रिकेत ‘बाईंसाठी एक गोड भेट’ एवढंच छापलंय. आपली मुलं तेच गाणं गाणार आहेत. हेमांगीने हौसेने बसवलं, तिला बिचारीला काय ठाऊक? परवा मी सरावाला जाऊन बसलो. हुंदका देणारी मुलगी आठ वर्षांची आहे, आपल्या शार्दूलची सुखदा. पोरीला हुंदका काही नीट येईना. मग मुलांनीच आपापसांत युक्ती काढली. ती ओळ आली की मागच्या मुलीने सुखदाला चिमटा काढायचा. जोरात. सुखदाही कबूल. मला दंड दाखवला, निळा झाला होता, आणि अभिमानाने म्हणाली, “काका, अब एकदम सही येतंय.”

मी घरी गेलो ते जेवलो नाही. केतकीला फोन केला. ती द्वारकेहून तडक आली, ऐकून घेतलं, आणि बराच वेळ माझ्या टेबलावरचा अडकित्ता उघडमीट करत बसली. मी म्हणालो, हेमांगीला बाजूला घेऊन सांगतो, गाणं बदलू. ती म्हणाली, “नाही काका. बाजूला घेऊन सांगून सांगूनच हे एवढं झालंय. माइकवर सांगा. माझा कान माइकवरच गेला होता.”

आज दुपारी केतकी स्वतः हेमांगीशी बोलली. त्यानंतर पडद्यामागे मुलांचा सराव नव्याने झाला. गाणं तेच आहे. शेवटी गाण्याचा काय दोष? पण बाईंनी पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्या जागी हुंदका नव्हताच. ‘दार उघडा’ झालं की एक मात्रा रिकामी होती. गळे गप्प, आणि फक्त हातातून हात दाबत जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलं आज तसं गाणार आहेत. केतकीही ओळीत उभी राहणार आहे. एका कानाने तिला पेटी नीट कळत नाही, पण हाताने ठेका कळतो. तो तिला तसाच शिकवलेला आहे.

ओळीचं एक टोक मात्र मोकळं आहे. हेमांगी म्हणाली मी उभी राहते, केतकीने नको सांगितलं.

पडदा उघडा रे पोरांनो. सुखदा, दंडाला हात लावू नकोस, आज कोणी चिमटा काढणार नाही. केतकी, तू डाव्या बाजूला ये बाळ, शेवटून दुसरी.

बाई, मान हलवू नका. ठेका चुकला तर चुकू द्या. साताऱ्याची गाडी उद्या आहे, आणि पोरीने हात पुढे केलाय.

रसिकहो, आपल्याला एकच विनंती. गाणं चालू असताना टाळ्या नकोत. तिसऱ्या कडव्यात ती रिकामी मात्रा आली, की आपल्या शेजारच्या माणसाचा हात दाबा, ओळखीचा असो नसो. आणि कोणी रडू नका. त्या जागेवर आपण पुष्कळ रडून झालं आहे.

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि इतका वेळ कुजबुज न करता ऐकलंत त्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. म्हाताऱ्याच्या जिभेने कुठे औचित्य सोडलं असेल, निरोपाच्या मंगल प्रसंगी रक्ताचं नाव काढलं असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घाला. आणखी दोन शब्द बोलणार होतो, पण राहू दे.

बाई उठल्या आहेत.