‘बघ’ म्हणायचं सोडलं

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आणलेल्या तान्ह्याला थोपटत, जीव मुठीत धरून बसलेल्या एका तरुणीला मागच्या बाकावरच्या मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं.

“आई, माझी नजर कमी व्हायला लागल्यापासून तू ‘बघ’ म्हणायचंच सोडलंयस.”

“काहीतरीच तुझं!”

“काल म्हणालीस, ‘मीठ झालंय का, चाखून...’ आणि मध्येच अडखळलीस.”

“तुझ्या मनाला लागेल म्हणून गं.”

“चव बघायला, वाट बघायला डोळे लागतात होय? तू अशी जपून बोललीस ना, की मला घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं.”

“बरं बाई, चुकलंच माझं.”

तेवढ्यात नंबर पुकारला. लेक ताडकन उठली ती नेमकी आईच्या पायावर.

“अगं आई गं! बघून चाल की जरा, धसमुसळे!”

दोघी अशा खो खो हसत सुटल्या, की पुढच्या बाकावरच्या त्या तरुणीच्या मांडीवरचं तान्हं दचकून जागं झालं.