अण्णांच्या हातचं दार

धाकटी : दिसतंय का आता? दादा, फोन जरा लांब धर रे, मला नुसतं तुझं कपाळ दिसतंय.

दादा : दिसतंय. थोडं खाली घे. कडीच्या खाली.

धाकटी : आधी सगळं दार तर बघ! खोक्याच्या फळ्या आहेत ह्या, पण कुणीही शपथेवर सागवान म्हणेल. तू धाडलंस म्हणून सकाळपासून अख्खं गाव पालथं घातलं मी. शिंप्याच्या दुकानाला शटर आलं, दवाखान्याला काच लागली, आपलं घर होतं तिथं तर गाड्या उभ्या करतात. अण्णांच्या हातचं म्हणून हे एकच उरलंय बघ.

दादा : शिंप्याचं पण गेलं? पत्र्याचं होतं ते.

धाकटी : तेच ना! तो व्यापारी सागवानी दार म्हणून विकत घ्यायला आला होता. सगळं ठरलं, आणि जाता जाता त्यानं सहज टिचकी मारली, तर टण्ण!

दादा : शिंपी आठवडाभर हसत होता. अण्णा मात्र चिडले. म्हणाले, टिचकी कशाला मारायची? डोळे नाहीत का त्याला?

धाकटी : काय माणूस होता रे! पहिला पिवळा हात, तो वाळला की वरून तपकिरी, आणि तो ओला असतानाच लाकडाच्या रेषा उठवायला कंगवा वरपासून खालपर्यंत एका दमात ओढायचा. मधे थांबलात की गेलं काम. मला मेलं कधी बघू दिलं नाही, पण रंगाऱ्याची मुलगी म्हणून मी गावभर ताठ मानेनं फिरायचे. हे दार एकदा तुझ्या हॉलमध्ये उभं राहिलं ना, की मी सुटले.

दादा : काकू भेटल्या?

धाकटी : आत सामान बांधतायत. परवा घर पाडायला माणसं येणार आहेत. दार खुशाल ने म्हणाल्या.

दादा : मग बस जरा त्यांच्याजवळ. तुझी नेहमीची गडबड नको. आणि दार नीट बघ. कडीच्या खाली.

धाकटी : बघते रे बाबा, बघते. टेम्पोवाला रस्त्यावर हॉर्न वाजवतोय. ठेव आता.

(धाकटी फोन ठेवते. घरमालकीण काकू चहाचे दोन कप घेऊन बाहेर येतात.)

काकू : हं, घे. चांगले कप बांधून टाकलेत, हा कान तुटलेला गोड मानून घे. आणि ताठ मानेनं कोण फिरायचं म्हणे? तुझं नाक पुसायला मागं एक माणूस लागायचं.

धाकटी : काकू! अहो, साठी उलटली माझी.

काकू : उलटू दे की. नाक तेच आहे. गाव सोडलंत तेव्हा माझ्या कमरेला लागत होतीस. जाताना ह्याच दाराला धरून भोकाड पसरलं होतंस.

धाकटी : कडीच्या खाली बघ, कडीच्या खाली, असं दादानं किती वेळा सांगितलं... काकू, इथं हे काय आहे? गाठ आहे का ही? लाकडात फांदीच्या जागी असते तशी?

काकू : गाठच ती. वर आणखी दोन आहेत.

धाकटी : पण अण्णा रंगात कधी गाठ काढत नसत! शिंप्याच्या दाराला नव्हती, दवाखान्याच्या नव्हती, आमच्या स्वतःच्या घराच्या दारालासुद्धा नव्हती. म्हणायचे, गिऱ्हाईक चांगलं लाकूड मागतं, मी त्याला गाठाळ का देऊ? तुम्ही नंतर दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेतलंत का?

काकू : कुणाची बिशाद होती? मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याच वर्षी रंगवलंय हे. तेव्हापासून ओल्या फडक्याशिवाय काही लागू दिलं नाही मी त्याला.

धाकटी : मग हे अण्णांचं नाहीच. काकू, मी केवढ्या लांबून टेम्पो घेऊन आले हो. म्हणजे त्यांचं आता काहीच उरलं नाही कुठं.

काकू : रडायला काय झालं? चहा निवतोय. असं कर, त्या गाठीवर अंगठा ठेव. ठेव म्हणते ना.

धाकटी : ठेवला.

काकू : बसला?

धाकटी : अगदी नेमका बसला.

काकू : आणि अण्णांचा अंगठा केवढा होता?

धाकटी : माझे दोन मावतील एवढा.

काकू : ही गाठ काढायची तर अंगठ्याला चिंधी गुंडाळायची आणि ओल्या रंगात गोल फिरवायचा. हा बाईचा अंगठा आहे, बाळ.

धाकटी : कुठल्या बाईचा?

काकू : तुमच्या घरात बायका होत्या किती?

धाकटी : आई? छे हो. आई फार तर ब्रश धुवायची. तिच्या हातांना टर्पेंटाइनचा वास यायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना येतो. अहो, ती स्वतःच म्हणायची, मी काय करते, बसून खाते!

काकू : बसून खाते म्हणे! अगं, तुझ्या वडलांचा हात कापायला लागला होता. पाण्याचा पेला धरवत नव्हता, तर कंगवा कुठून ओढणार? रंग ओला असताना खोलीत कुणी यायचं नाही, धूळ बसते, हा त्यांचा नियम होता ना? त्या नियमाच्या आड सगळं झाकलं दोघांनी. मी नवी नवरी, मला कुठला नियम माहीत! चहा घेऊन गेले मागच्या दारानं. बघते तर अण्णा स्टुलावर, हात मांडीखाली दाबून बसलेले. आणि तुझी आई बाह्या सारून कंगवा ओढतेय. ते हळूच सांगतायत, श्वास धर, आता ओढ, थांबू नकोस, शाब्बास! एखादा नवरा बायकोकडे असं बघतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे काही तशी पद्धत नव्हती.

धाकटी : आणि गाठी?

काकू : त्यावरून तर जुंपली. ती लाकडाच्या वखारीत वाढलेली. म्हणाली, बिनगाठीचं झाड मी जन्मात पाहिलं नाही. ते म्हणाले, गिऱ्हाईक नाक मुरडेल. मुरडू दे, म्हणाली, आणि फिरवला अंगठा! अण्णा बघतच राहिले. म्हणाले, इतकी वर्षं हे मला कसं सुचलं नाही?

धाकटी : असं म्हणाले अण्णा?

काकू : ह्या कानांनी ऐकलंय. मग चहा उंबऱ्यावर ठेवला आणि आल्या पावली परत फिरले. तोंड शिवून घेतलं. त्यानंतर तुम्ही गाव सोडेपर्यंतची सगळी दारं तिचीच. लोक अण्णांची वाहवा करायचे आणि ही शेजारी उभी राहून कौतुकानं मान हलवायची. मला कधी काही बोलली नाही. वाटेत भेटली की फक्त माझ्या गालाला हात लावून जायची.

धाकटी : थांबा हो काकू, दादाला फोन लावते. त्याला अजून अण्णांचं दारच येतंय असं वाटतंय... हॅलो, दादा!

दादा : चढवलंस टेम्पोत?

धाकटी : अरे, ऐक तरी! हे दार अण्णांचं नाही. आईनं रंगवलंय. आपल्या आईनं!

दादा : हं.

धाकटी : हं काय? दादा... तुला माहीत होतं?

दादा : मग बाहेर पायरीवर कोण बसायचं? कुणी आलं की मी मोठ्यानं खोकायचं, असं ठरलं होतं. काकू मागच्या दारानं गेल्या, तिथं माझा नाइलाज झाला.

धाकटी : आणि इतकी वर्षं मी तुझ्यासमोर बसून अण्णांचे गोडवे गातेय, आईनं काय केलं म्हणून विचारतेय, आणि तू ढिम्म!

दादा : आईनं शब्द घेतला होता. अण्णा आहेत तोवर बोलायचं नाही.

धाकटी : अण्णांना जाऊनही जमाना झाला रे!

दादा : ते गेले तेव्हा विचारलं मी तिला, आता सांगू का? तर म्हणाली, आता तर मुळीच नको.

धाकटी : धन्य आहे बाई. एकट्या अण्णांचं म्हणून न्यायला आले होते, आता दोघांचं म्हणून घेऊन येतेय. पण मला एक सांग, एवढा शब्द दिला होतास, तर आज मला इथं पाठवलंस कशाला?

दादा : दार बघायला. सांगितलं कुठं मी काही?