बिबट्याचा तालुका

हसाल, पण हे खरंच घडलं. आमच्या तालुक्याला "बिबट्याचा तालुका" असा सरकारी मान मिळणार होता आणि फॉरेस्टचे साहेब ग्रामसभेत ठराव मागायला आले होते. सरपंच मिलिटरीतून रिटायर झालेले. ते खूश होऊन म्हणाले, "फाट्यावर मोठा बोर्ड लावू!"

मी उठले. "माझ्या पोराचं लगीन झाल्यावर लावा. उद्या शहरातनं, विश्रामबागची माणसं घर बघाय येत्यात. बोर्डाचं नुसतं कानावर आलं, तरी पोरीची आई फाट्यावरनंच गाडी फिरवंल."

"वहिनी, आवं मान हाय त्यो!"

"मग मोराला द्या की. मोर कुणाचं कुत्रं उचलून न्हेत न्हाई."

मी खाली बसेना, तेव्हा ठराव पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, पोरगीही सोबत होती. बिबटे उसातच लपतात, म्हणून उसाकडे पाठ होईल अशा खुर्च्या मांडल्या. चहा घेता घेता पोरीच्या आईने विचारलंच, "इकडं बिबट्या असतो म्हणे?"

"छे! मांजर सुदीक न्हाई."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "आई, चार स्थळांतनं मी हे बिबट्यासाठीच निवडलं होतं."

 मी उठले आणि तिचा हात धरला. "खोटं बोलले बाई. लय हाईत. परवाच आमची शेळी न्हेली. चल, बांधावर ठसे दावते."

पुढच्या सभेत ठरावावर पहिली सही माझी होती.