गात पळायचं

(दापोडी, नदीकाठ. हिवाळ्यातली सकाळ, दाट धुकं.)

चांदभाई : ते काही मला सांगू नका, साहेबराव. गुलजारला न्यायला आलोय मी. आजपासून माझा पोरगा माझ्याबरोबर गॅरेजात. बस झाला फुटबॉल!

साहेबराव : बसा की जरा. पोरं पुलाकडं पळायला गेल्यात. येतीलच आता.

चांदभाई : पळायला? दिवाळीच्या मॅचला बघितलं ना कसा पळाला ते! हाफटाइम व्हायच्या आधीच गुडघ्यावर हात टेकून उभा. अख्खं मैदान हसत होतं. पोरांना ताकद द्या म्हणून तुमच्या हवाली केली, तर तुम्ही सगळ्यांचे पैलवान करून ठेवलेत!

साहेबराव : व्हय बाबा, तालमीतला गडी मी. दंड-बैठका अन् वर दूध, मला तेवढंच ठावं. मांड्या झाल्या खांबासारख्या, अन् बॉल मागनं गेला तरी एकालाबी वळता येईना. म्हणून तर दिवाळीनंतर समदं मोडलं. बैठका कमी केल्या. एका पायावर उड्या, वाळूत वाकडंतिकडं पळणं. अन् लांब पळायचं ते गाणं म्हणत.

चांदभाई : गाणं?

साहेबराव : मोठ्यांदा. सूर तुटला की चालायचं, दम खाल्ला की परत पळायचं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमचे गायक चालत चालत रात्र काढत्यात, दम काय तुटत न्हाई. तिथनं सुचलं.

चांदभाई : डोकं फिरलंय तुमचं, राव. अहो, लहानपणी धाप लागायची त्याला. रहिमाबी, त्याची अम्मी, छातीला तेल चोळत बसायची. उद्या मैदानावर कंपनीचे साहेब त्यांच्या टीमसाठी पोरं निवडणार. घेतला तर नोकरी पक्की, कबूल. पण चार लोकांत परत तसाच उभा राहिला तर? मला नाही बघवणार. उद्या पाठवायचाच नाही त्याला.

साहेबराव : थांबा जरा. आलं का कानावर?

चांदभाई : काय? ...अरे, गातायत. दिसत तर कुणीच नाही.

साहेबराव : धुक्यात हायत. आता वाळू लागली त्यांना. पाय रुतत्यात.

चांदभाई : आवाज कमी झाले हो.

साहेबराव : गळाली पोरं. चालत असतील.

चांदभाई : आता दोघंच. तो जाडा आवाज तुमच्या भीमराजचा ना?

साहेबराव : माझाच थोरला. ...घ्या, त्योबी थांबला.

चांदभाई : मग हा कोण गातोय एकटा?

साहेबराव : तुमीच सांगा.

चांदभाई : ही तर आमच्या उरुसातली कव्वाली. या अल्ला! साहेबराव, हा आवाज वर वर कसा येतोय?

साहेबराव : काठाच्या चढाला लागलाय त्यो. पळतच.

चांदभाई : पळत! आणि आवाज जरासुद्धा हलत नाही. बघा, काटा आला माझ्या अंगावर. हेच पोर रात्र रात्र श्वासासाठी तडफडायचं हो. एवढी हवा आली कुठनं त्याच्या छातीत?

साहेबराव : मलाबी रोज वाटतंय तसंच. ...हाक मारू का? न्यायला आलाय ना तुमी?

चांदभाई : उद्या नेईन. मैदानावर, मी स्वतः. आत्ता गप बसा हो, मला ऐकू द्या.