लेकीच्या कातडीची डबी

लाँड्रीवाल्या मावशी या नावाने ओळखली जाणारी, वय ५२, धंदा कपडे धुणे व इस्त्री, राहणार हॉस्पिटलमागच्या गल्लीत, लाँड्रीच्या माळ्यावर. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी व माझी मुलगी, वय १९, लाँड्री चालवत होतो. गेल्या महिन्यात बॉयलरचं झाकण उडून ती भाजली. अंगावर लावायला तिची स्वतःची धड कातडी उरली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिच्या काखेतला नखाएवढा तुकडा काढून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वाढवायला दिला.

मला वॉर्डात बसू देत नसत. मी लॅबच्या खिडकीशी बसायचे. तिथले लॅबवाले दादा म्हणजे लाख माणूस. काचेतून तिच्या कातडीची डबी दाखवायचे. म्हणायचे, "मावशी, पाणी गुलाबी आहे ना, म्हणजे महाराणी खूश. पिवळं पडलं की भूक लागली समजायचं. मग मी पाणी बदलतो." मी म्हणायचे, घरी जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या, इथे बरी वेळेवर जेवते!

मुलगी जंतुसंसर्गाने गेली. आमच्यात पुरतात. तिला माती देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. "मावशी, दिसला नाहीत दोन दिवस? अहो, तयार झाली! एकदम झकास. वॉर्डाला कळवतोच, म्हटलं आधी तुम्हाला सांगावं." लॅबमध्ये डब्यांवर नुसते नंबर असतात. पेशंट गेल्याचं त्यांना कुणीही कळवलं नव्हतं.

मी गेले. म्हटलं, द्या, मीच वॉर्डात नेऊन देते. त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, वाट बघतेय. त्यांनी विश्वासाने डबी हातात दिली. खोटं मी बोलले. त्यांची नोकरी जाता कामा नये, हे ठळक लिहा.

हॉस्पिटल म्हणतं चोरी केली. कसली चोरी, साहेब? पोर माझ्या पोटची, कातडी तिची. वापरात न आलेली कातडी नियमाने भट्टीत जाळतात, असं हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी आत्ता इथे बसून सांगितलं. जीभ कशी रेटली त्यांची? एकदा भाजली, तेवढं बस झालं.

डबीला अंगाइतकी ऊब लागते. बॉयलरची खोली गरम असते, पण तिथे मी तिला परत नेणार नाही. शालीखाली पोटाशी धरून बसले. पोलीस आले तेव्हाही तशीच बसले होते.

कालपासून पाणी पिवळं पडलंय. गुन्हा काय घालायचा तो घाला, मी कुठे पळून जात नाही. पण आधी दादांना बोलवा. ती उपाशी आहे.

जबाब वाचून ऐकवला, मी बोलले तसाच आहे. डबी खाली ठेवायला मी नकार दिल्याने सही एका हाताने केली. कागद हलू नये म्हणून लिहून घेणाऱ्या मॅडमनी तो धरला.