एकाच खिळ्याला दोन किल्ल्या

(कापड रंगवायच्या कारखान्यातली मालकिणीची खोली. लोखंडी कपाट सताड उघडं, मधला खण रिकामा.)

मालकीण : मास्तर, मला आधी एवढंच सांगा, यात तुमचा फायदा काय? या हिशेबनिसांच्या शेजारी सकाळी दोन मिनिटं, संध्याकाळी दोन मिनिटं उभं राहणं वाचलं. दिवसाची चार मिनिटं! त्यापायी माझी बावीस वर्षांची छटांची वही गेली.

रंगमास्तर : चार मिनिटं तुम्हाला थोडी वाटतात. एकदा उभ्या राहून बघा.

हिशेबनीस : बाई, त्यांना सांगा, मलाही हौस नव्हती.

मालकीण : ते हाताच्या अंतरावर बसलेत. तुम्हीच सांगा.

हिशेबनीस : आमचं बोलणं बंद आहे.

मालकीण : तुमचं बोलणं बंद आणि माझं कपाट उघडं. छान वाटणी केलीत! मावशी, दारात का उभ्या? आत या.

मावशी : उभीच बरी. गेट उघडं टाकून आलेय, अर्धा जीव तिकडे आहे.

मालकीण : कपाटाला कुलपं दोन. एक किल्ली मास्तरांकडे, एक हिशेबनिसांकडे. दोघं समोर असले तरच वही बाहेर यायची, छटा बघून लगेच आत जायची. कुलपावर साधा ओरखडा नाही. मग दोन्ही किल्ल्या चोराला एका जागी मिळाल्या कशा?

मावशी : माझ्या गेटवरच्या खोलीत होत्या. कॅलेंडरमागच्या खिळ्याला.

मालकीण : दोन्ही?

मावशी : एकाच खिळ्याला. आधी मास्तर आले. म्हणाले, माझी ठेवून घ्या, कपाट तुम्हीच उघडत जा, त्यांचं तोंड बघायला नको. आठ दिवसांनी हिशेबनीस साहेब आले, तेही तेच म्हणाले. मी म्हटलं, दोन्ही माझ्याकडे नकोत. तर म्हणाले, मग त्यांची परत करा, माझी का?

रंगमास्तर : माझी आधी लागली होती.

मालकीण : वा! खिळ्यावरसुद्धा मानपान. कधीपासून चाललंय हे?

मावशी : मास्तरांची लेक माहेरी आली तेव्हापासून. आठ महिने झाले.

रंगमास्तर : आली नाही. पाठवली.

हिशेबनीस : बाई, त्यांना सांगा, सून स्वतःच्या पायांनी गेली. माझा मुलगा दोनदा आणायला गेला होता.

रंगमास्तर : दोनदा! आणि दोन्ही वेळा गाडीतून उतरला नाही.

मालकीण : पुरे! सव्वादहा झाले. अकराला भागीदार येतील आणि त्यांना एक नाव हवंय. तुमचं लग्न जमलं, म्हणजे मुलांचं, तेव्हा सगळ्यांत खूश मीच होते. म्हटलं, चला, दोन्ही किल्ल्या घरातच राहिल्या. एकानं दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून दोन कुलपं केली, आणि मी व्याह्यांच्या हाती दिली. मावशी, काल काय झालं?

मावशी : दुपारी यंत्रदुरुस्तीचा माणूस आला. नाव, वेळ, सही, सगळं लिहून घेतलं. पाणी मागितलं, खोलीत बसला. तेवढ्यात ट्रक आला. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, गेट लावायचं, एकटीनंच. परत आले तर तो आत गेला होता. जाताना पिशवी दाखवली त्यानं, वर सगळी अवजारं.

मालकीण : वर अवजारं! त्याच्या कंपनीला फोन केला मघाशी. असा माणूस त्यांच्याकडे नाहीच.

हिशेबनीस : खोलीला कुलूप लावून जायचं ना.

मावशी : दाराला कडी नाही, साहेब. तीन अर्ज दिले. तुमच्याच हातात.

हिशेबनीस : मी पुढे पाठवले. बाईंनी लिहिलं, नंतर बघू. काट्यावर दुसरा माणूस द्या म्हटलं, त्यावरही तेच.

मालकीण : माझं राहू द्या. मी भागीदारांना काय सांगू? मास्तर, तुम्हाला घालवलं तर छटा कोण जुळवेल? आता वही म्हणजे तुमचं डोकं. आणि हिशेबनीस गेले तर करवाल्यांपुढे मी बसू?

रंगमास्तर : किल्ल्या मावशींच्या ताब्यात होत्या, एवढं तर खरं आहे.

हिशेबनीस : अगदी खरं.

मालकीण : काय म्हणालात?

हिशेबनीस : म्हटलं, व्याही बरोबर बोलतायत.

रंगमास्तर : ...आभारी आहे.

मालकीण : चोराची एक गोष्ट मानली पाहिजे. तुमचं बोलणं सुरू करून गेला.

मावशी : म्हणजे नाव ठरलं.

मालकीण : मावशी, तुम्ही समजूतदार आहात...

मावशी : चूक माझीही आहे, बाई. 'नको' एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? दोन मोठी माणसं एकमेकांवर ठेवत नाहीत तो भरवसा माझ्यावर ठेवतात, याचं बरं वाटलं होतं.

मालकीण : मास्तर, काही बोलणार होतात?

रंगमास्तर : नाही.

मालकीण : हिशेबनीस?

हिशेबनीस : पत्र तयार करू का?

मावशी : करा. मास्तर राहिले, साहेब राहिले, बाई तर राहणारच. गेलं ते दोनच, वही आणि मी. त्यातली वही मास्तरांच्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून होईल. माझी नोकरी दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही.