वस्तादांचा गुडघा

लढाईमुळे रॉकेल मोजून मिळायचं. नंदुरबारच्या दुकानापुढे सोमीबाईने रांग दोनदा मोजली. ती दहावी होती. मागे तरुण मंडळाच्या आखाड्याचे वस्ताद गफूरमियाँ आणि त्यांचा चेला हारुन यांचं चाललं होतं.

"वस्ताद, तुमले चीत करी तोच पुढला वस्ताद, हा नियम कोणी करा?"

"मीच. पंचवीस साल पहिले आम्ही चार जणांनी माती खणी, तवाचा नियम शे."

"आता मंडळात चाळीस जण शेतस. तुमी शेवटली कुस्ती कधी खेळनात?"

"अकरा साल झाले. काय करू, मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना!"

"अकरा साल एकच गुडघा?"

"दुसरा चांगला शे ना."

"मग गादी सोडा."

"हारल्याबिगर कशी सोडू? नियम शे."

"पोरं दुसरा आखाडा काढी ऱ्हायनात, वस्ताद. मंडळ फुटी जाई!"

"गुडघा बरा होऊ दे रे..."

फळी उघडली. "आज दहाच जणांना मिळेल!" दुकानदार ओरडला.

सोमीबाई पदर सावरते तोवर वस्ताद डब्यासकट उडी मारून तिच्या पुढे उभे.

"वस्ताद, रविवारी आपली कुस्ती, मी माती उकरी ठेवस!" हारुन मागून ओरडला.

"रविवार कशाले?" सोमीबाई कडाडली. "आत्तेच पाड त्याले!"